पार्कातले दोन दिवस आणि माझे पाय

आमच्या घरापासून ते पार्क गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे. पनवेलची माणसं सकाळी तिथे जातात, दिवसभर पाळण्यांत बसून किंचाळतात, संध्याकाळी परत येतात आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातात. त्यामुळे मी या सहलीचं प्रवासवर्णन लिहितेय हे कळलं तर आमच्या कॉलनीत हसतील. पण मी गेली काही वर्षं दवाखाना सोडून कुठेच गेले नव्हते, आणि या तासाभराच्या प्रवासाची तयारी आमच्या घरात दिवाळीपासून चालू होती. परत येऊन आता पंधरवडा होत आलाय. पायांतला जडपणा बराच उतरलाय, म्हणून लिहायला बसले.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. डॉक्टर त्याला एमएस म्हणतात, आम्हीही आता तेच म्हणतो. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच मेंदूच्या आणि पाठीच्या कण्यातल्या नसांवर उलटते, असा हा आजार. बाहेरून काही दिसत नाही. उलट लोक म्हणतात, "तब्येत छान सुधारली हं तुमची." आत मात्र उजवा पाय दुपारनंतर माझा राहत नाही. ऊन लागलं, ताप आला, अगदी गरम पाण्याने अंघोळ केली तरी पाय लुळे पडतात आणि उजव्या डोळ्यासमोर धुकं येतं. बाथरूमला लागली की थांबता येत नाही. आणि थकवा. तो झोपून जात नाही. सकाळी डोळे उघडतानाच तो अंगावर बसलेला असतो.

माझी मुलगी सानवी दुसरीत असताना तिला आम्ही त्या पार्कात न्यायचं कबूल केलं होतं. त्याच सुमारास माझ्या डोळ्याचं दुखणं निघालं, मग एमआरआय, मग स्टिरॉइडची सलाइनं. त्यानंतर प्रत्येक सुट्टीत ती विचारायची आणि आम्ही म्हणायचो, पुढच्या वेळी नक्की. आता ती पाचवीत आहे. या दिवाळीत तिने विचारलंच नाही. फराळाचं ताट घेऊन मैत्रिणीकडे गेली आणि तिच्या पार्कातल्या फोटोंचं कौतुक करून परत आली. त्या रात्री मी माझ्या नवऱ्याला, संतोषला, म्हटलं, "आपण जाऊ या."

त्याने भिंतीवरचं कॅलेंडर काढून पानं उलटली. मग म्हणाला, "नीट प्लॅन करावं लागेल."

खांदा कॉलनी, जेवणाच्या टेबलाशी

संतोष तळोज्याच्या एका कारखान्यात मेन्टेनन्सला आहे. प्लांट बंद करून दुरुस्ती काढायची असते तेव्हा जशी तयारी करतात, तशी त्याने आमच्या सहलीची केली. महिना जानेवारीचा, कारण ऊन कमी. वार मधला, कारण गर्दी कमी. मुक्काम पार्काला लागून असलेल्या हॉटेलात, म्हणजे मला कधीही खोलीवर जाऊन आडवं होता येईल. पहिल्या दिवशी सावलीतले, छताखालचे खेळ. दुसऱ्या दिवशी सानवी आणि तो पाण्याच्या पार्कात जाणार, मी कुठेतरी बसणार. एका रविवारी तो स्कूटर घेऊन एकटाच खोपोलीपर्यंत जाऊन आला. कुठे गेला होतास विचारलं तर म्हणाला, "रस्त्यावरच्या हॉटेलांची बाथरूम बघून आलो. चौक गावाच्या अलीकडचं बरं आहे. कमोड आहे आणि कडी लागते."

असं प्रेम करणाऱ्या माणसावर चिडता येत नाही, आणि तरी मी चिडते. कारण त्याच्या प्रत्येक तयारीत मला मी दिसते.

पार्कात फोन करायचं काम माझ्याकडे होतं. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती.

"मॅडम, हार्टचा प्रॉब्लेम आहे का?"

"नाही."

"बीपी? मणक्याचं काही?"

"नाही."

"प्रेग्नन्सी?"

"नाही हो."

"मग मॅडम, तुम्ही सगळ्या राइड्स करू शकता!"

"मला जास्त चालता येत नाही. उभंही राहता येत नाही फार वेळ."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग तिने मनापासून सुचवलं, "मॅडम, तुम्ही फोटो काढू शकता."

डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. ऊन टाळा म्हणाले, आणि दमण्याआधी बसा म्हणाले. दमण्याआधी म्हणजे कधी, हे मला अजून कळलेलं नाही. व्हीलचेअरवरून मात्र आमचं भांडण झालं. संतोष म्हणत होता, फाटकाशी मिळते, घेऊन ठेवू. मी म्हटलं, "आपण सहलीला चाललोय की डिस्चार्ज घ्यायला?" तो उठून गॅलरीत गेला. विषय तिथेच राहिला.

यात सासूबाईंनी स्वतःला जोडून घेतलं. त्या उरणकडच्या गावातल्या. लग्नानंतर बरीच वर्षं मिठागरात राबलेल्या. निम्मे दिवस गावी आणि निम्मे आमच्याकडे असतात. मला त्या बाय म्हणतात. माझं माहेर मिरजेचं, त्यामुळे सुरुवातीला त्यांचं बोलणं मला निम्मंच कळायचं. त्यांनी जाहीर केलं, "मी बी येतंय. तुमी बापलेक झुल्यात बसाल, तवा बायकडं कोन बघंल?"

"आई, तिथे फार चालावं लागतं," संतोष म्हणाला.

"मंग? मी काय आज चालतंय?"

जुन्या हायवेने

सकाळी लवकर निघालो. नवीन पनवेलचे सिग्नल अजून पिवळे लुकलुकत होते. पळस्प्याच्या पुढे धुकं होतं आणि ट्रकांची रांग त्यात हळूहळू सरकत होती. सानवी खिडकीला नाक लावून बसली होती. पार्काबद्दल ती फार बोलत नव्हती. मला वाटतं, अगदी गेटातून आत जाईपर्यंत तिचा आमच्यावर विश्वास नव्हता.

चौक जवळ आलं तसं डावीकडे धुक्यातून इर्शाळगडाचा सुळका वर आला. त्याला वरच्या बाजूला आरपार भोक आहे. नोकरीला लागले तेव्हा शाळेतल्या शिक्षकांबरोबर मी त्या भोकापर्यंत चढले होते. मी शाळा सोडून आता घरीच शिकवण्या घेते. सानवीला दाखवून म्हटलं, "मी तिथे बसले होते एकदा."

तिने आधी डोंगराकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. "खरंच?" म्हणाली.

संतोषने पाहून ठेवलेल्या हॉटेलाशी थांबलो. कडी खरोखर लागत होती. चहा चांगला होता, मिसळीची तर्री जिभेला झोंबणारी होती आणि सासूबाईंनी पहिल्या घासालाच पावाला नावं ठेवली. संतोषच्या सगळ्या तयारीत हा थांबा तेवढा ठरल्याप्रमाणे पार पडला. पुढचं काहीच तसं झालं नाही.

फाटकापाशी

गाडी लावायची जागा आणि पार्काचं फाटक यांमधलं अंतर फोनवर कोणी सांगितलं नव्हतं. बॅटरीच्या गाड्या होत्या, पण त्या अजून सुरू व्हायच्या होत्या. मी चालले. फाटकाशी पोचेपर्यंत दिवसाच्या चालण्यातलं निम्मं संपलं, हे मला आतून कळलं. कोणाला सांगितलं नाही.

समोर परदेशातल्यासारखे मनोरे होते, गुलाबी आणि निळे. कर्ण्यावर मोठ्याने गाणी चालू होती. बॅगा तपासणाऱ्या रखवालदाराने सासूबाईंच्या पिशवीत हात घातला आणि काढला. आत फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या होत्या आणि डब्यात सुका जवळा परतलेला.

"आजी, बाहेरचं खाणं आत अलाउड नाही."

"खानं नाय, जवला हाय."

"तेच. आत नाही नेता येत."

"अरं, बॉम हाय का तो? नातीसाठी आनलाय. आत काय देतात तुमी? पाव. पाव खाऊन चालंल का ही दिवसभर?"

रखवालदार हसत होता, पण हलत नव्हता. मागे रांग वाढत होती. शेवटी आम्ही बाजूच्या कट्ट्यावर बसून तिथेच जेवलो. सकाळी दहाच्या सुमाराला, परदेशी मनोऱ्यांच्या समोर, भाकरी आणि जवळा. शेजारून जाणारी कुटुंबं वासाने वळून बघत होती. सानवी आधी लाजली, मग तिने दोन भाकऱ्या खाल्ल्या. मला तेवढं बसायला मिळालं. मनातल्या मनात मी त्या रखवालदाराचे आभार मानले.

आत गेल्याबरोबर संतोष मला न विचारता चौकशीच्या खिडकीकडे गेला. तिथला कर्मचारी व्हीलचेअर ढकलत आला, आमच्याकडे त्याने एकदा पाहिलं आणि खुर्ची थेट सासूबाईंसमोर उभी केली. "या आजी, बसा."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग पदर सावरून त्या खुशाल बसल्या.

"मी बसतंय आता," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "तुना लाज वाटते ना? दमलीस की सांग. मी उठतंय."

दुपारपर्यंत

सकाळचे खेळ छताखाली होते, ते बरे गेले. एका अंधाऱ्या सिनेमात खुर्च्या हलत होत्या आणि तोंडावर पाणी उडत होतं. माझी हलती खुर्ची मी घट्ट धरून बसले आणि सानवी माझ्याकडे बघून हसत राहिली. व्हीलचेअरवरच्या आजींना बघून लोक वाट देत होते, त्यामुळे आमचा नंबर पटकन लागत होता. सासूबाई राणीसारख्या बसून इकडेतिकडे बघत होत्या. एका चौकात प्लास्टिकचा वाडा, प्लास्टिकची झाडं आणि नाचणाऱ्या बाहुल्या होत्या. त्यांनी संतोषला विचारलं, "आपल्या जत्रेत पन पालना असतो, खेलनी असतात. पन जत्रेला देव तरी असतो. इथं कोन हाय?"

"इथे तिकीट आहे," संतोष म्हणाला.

त्यांना ते उत्तर पटलं.

जेवणाच्या हॉलपाशी पोचेपर्यंत माझा उजवा पाय घासायला लागला होता. चपलेचा आवाज बदलला की सासूबाईंना कळतं. त्या उठल्या, मला बसवलं आणि स्वतः खुर्चीच्या मागे जाऊन दांडे धरले. संतोष आणि सानवी कूपन घ्यायला पुढे गेले होते. आमच्या मागच्या रांगेत दोन बायका होत्या, चांगल्या घरच्या वाटत होत्या. त्यांतली एक हळू पण मला ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाली, "काय एकेक असतात. धडधाकट सून बसलीये आणि म्हातारीला ढकलायला लावलंय."

माझे कान तापले. मी उठायला गेले, तर सासूबाईंनी खांद्यावर हात ठेवून मला खाली दाबलं आणि त्या वळल्या.

"माझी सून हाय ती. आजारी हाय. तुमाला दिसत नाय."

"सॉरी आजी, आम्हाला माहीत नव्हतं…"

"मना बी दिसत नाय. मी इचारतंय तिला, बाय, आज कसं हाय. तुमी पन इचारायचं."

एक बाई पुन्हा सॉरी म्हणाली. दुसरीने मोबाइल काढला. मला रडू येत होतं आणि भूक नव्हती. पनीर फार गोड होतं, एवढंच त्या जेवणाचं आठवतं.

बर्फाची खोली

जेवणानंतर मी खोलीवर जाऊन झोपायचं ठरलं होतं. पण हॉलच्या समोरच बर्फाच्या खेळाची इमारत होती आणि सानवी तिच्या दाराशी जाऊन उभी राहिली होती. ती काही मागत नव्हती, नुसती उभी होती.

"मी येते," मी म्हटलं.

"अनघा, आत शून्याच्या खाली तापमान आहे," संतोष म्हणाला. "पाय आखडले तर?"

"ऊन नको म्हणालेत डॉक्टर. थंडीचं काही बोलले नाहीत."

सासूबाईंनी आत यायला साफ नकार दिला. त्या बाहेर अंगणापलीकडच्या सावलीत खुर्चीत बसून राहिल्या. आम्हाला कोट आणि रबरी बूट मिळाले. कोटाला आधीच्या माणसांच्या घामाचा वास होता. बूट संतोषने वाकून माझ्या पायांत घातले. दोन जाड दारं पार केली आणि गार हवा नाकात शिरली.

आत मोठा हॉल होता, जमिनीवर भुसभुशीत बर्फ, रंगीत दिवे, बर्फात अर्धी बुडालेली लाकडी घरं आणि एक घसरगुंडी. लोक दात वाजवत किंचाळत होते. मी संतोषचा दंड धरून भिंतीच्या कडेने चालायला लागले. एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीत माझ्या लक्षात आलं की पायातली कायमची झिणझिण थांबलीये. ती थांबते तेव्हाच कळतं की ती किती मोठ्याने चालू होती. डोळ्यासमोरचं धुकं विरलं. घसरगुंडीच्या टोकाला बसलेल्या मुलाच्या टोपीवरचा गोंडासुद्धा मला स्वच्छ दिसला. मी टाच टेकवली, मग चवडा टेकवला, आणि पाय जिथे ठेवायचा होता तिथेच पडला.

मी संतोषचा दंड सोडला.

"हळू," तो म्हणाला.

मी हळू गेले नाही. सानवी हॉलच्या मधोमध बर्फ उडवत होती. मी तिच्याकडे चालत गेले, शेवटची काही पावलं तर जवळजवळ धावत. ती बघतच राहिली. मग तिने माझे दोन्ही हात धरले आणि आम्ही गोल फिरलो. मी पडले, हसत पडले आणि माझी मी उठले. घसरगुंडीच्या पायऱ्या चढले आणि तिला पुढ्यात घेऊन घसरत खाली आले. संतोष कोपऱ्यात उभा होता, हात काखेत घालून. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते तेव्हा मी बघितलं नाही. मला कोणाकडेच बघायचं नव्हतं. मला फक्त चालायचं होतं. वेळ संपल्याची शिट्टी झाली, तेव्हा सानवी माझ्या कोटाला मिठी मारून म्हणाली, "आई, तू बरी झालीस!"

त्या क्षणी मलाही ते खरं वाटत होतं.

बाहेरचं अंगण फरशीचं होतं आणि त्यावर दुपारचं ऊन पडलं होतं. जानेवारीचं ऊन, तरी बर्फातून आल्यावर भट्टीसारखं लागलं. पायऱ्या उतरले. सासूबाई समोर दिसत होत्या, खुर्चीत डोळे मिटून. अर्ध्या अंगणात गुडघे गेले. पडले नाही, खाली बसले. उठायचा प्रयत्न केला तर पाय दुसऱ्याचे असल्यासारखे फरशीवर पडून राहिले.

"आई, ऊठ ना," सानवी म्हणाली.

"थांब जरा."

"आत तर पळत होतीस." तिचा आवाज चढला. "मग आता काय झालं? तू मुद्दाम करतेस का? घरी पण मुद्दाम करतेस का?"

"सानवी!" संतोष इतक्या जोरात ओरडला की आजूबाजूचे लोक थांबले. मी आजवर त्याला मुलीवर ओरडताना पाहिलं नव्हतं. त्यानेही पाहिलं नसावं, कारण त्याचा त्यालाच धक्का बसला. सानवी ओठ आवळून उभी राहिली. सासूबाई रिकामी खुर्ची ढकलत उन्हातून येत होत्या, आणि त्या पोचेपर्यंत आम्ही तिघंही एकमेकांकडे न बघता तसेच होतो.

हॉटेलात

खोली छान होती. तळमजला, दाराला उंबरा नाही, पलंगाची उंची बरोबर. संतोषने हे सगळं विचारून घेतलं होतं. अंघोळीला टब असेल हे मात्र त्याच्या डोक्यात आलं नाही. टबाची कड माझ्या गुडघ्याइतकी उंच होती. मी ती बघून हसायला लागले आणि मग थांबता येईना. संतोषने रिसेप्शनवरून प्लास्टिकची खुर्ची आणली, ती टबाबाहेर ठेवली आणि बादलीने मला अंघोळ घातली. पाणी कोमट होतं, ते त्याने दोनदा हात घालून पाहिलं.

"आत तू…" तो मधेच म्हणाला आणि थांबला.

"काय?"

"काही नाही. पूर्वीसारखी दिसत होतीस."

सानवी न जेवता झोपली. म्हणजे डोळे मिटून पडली.

दुसरा दिवस

सकाळी मी उठू शकले नाही. याचं मला आश्चर्य वाटलं नाही. हात हलत होते, मान वळत होती, पण कमरेखाली ओली पोती ठेवल्यासारखं वाटत होतं. सासूबाई चहा आणायला गेल्या होत्या. संतोष बाथरूममध्ये दाढी करत होता. सानवी पलंगाच्या कडेला येऊन बसली.

"आई, काल बर्फात तू चाललीस."

"हो."

"मग बाहेर का नाही?"

"गारव्यात माझ्या नसा जरा बरं काम करतात. अंग तापलं की बंद पडतात. ते माझ्या हातात नाही गं."

"मुद्दाम नाही ना?"

"नाही."

ती चादरीचा दोरा ओढत राहिली. "तू एवढी इंजेक्शनं घेतेस. मग कधी बरी होणार?"

हा प्रश्न तिने पूर्वीही विचारला होता आणि आम्ही दोघं म्हणायचो, होईल हळूहळू. लहान आहे, कशाला घाबरवायचं, असं आमचं ठरलेलं होतं. बाथरूममधला नळ बंद झाला. संतोष ऐकत होता. काल अंगणात तिने जे विचारलं होतं, ते मला रात्रभर ऐकू येत होतं. आजार बरा होणारा आहे असंच समजलं, तर बरी न होणारी आई मुद्दामच करते, असं तिला वाटणार नाही तर काय.

"सानवी, हा आजार जात नाही," मी म्हटलं. "औषधं घेतात ती तो वाढू नये म्हणून. गेलेलं सगळं परत येतं असं नाही."

ती रडली नाही. "बाबांना माहितीये?"

"हो."

"आजीला?"

"हो."

"म्हणजे फक्त मला माहीत नव्हतं."

संतोष दारात येऊन उभा राहिला, एका गालाला फेस तसाच. सानवीने त्याच्याकडे पाठ केली. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाहेर पाळण्यांची तपासणी चालली होती, रिकामे डबे वर जाऊन खाली येत होते. ती खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "माझी दहावी असेल तेव्हा?"

"तेव्हा याहून थोडं जास्त असेल कदाचित. किंवा असंच असेल. डॉक्टरांनाही सांगता येत नाही."

सासूबाई चहा घेऊन आल्या आणि खोलीतली हवा बघून त्यांनी कप तसेच टेबलावर ठेवले. पाण्याच्या पार्काला जायला सानवी तयार नव्हती. मी जा म्हटलं, संतोषने जाऊ या म्हटलं, ती ढिम्म. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "पोरी, चल. मी पन्नास वर्सं पान्यात उभी व्हते ती मिठासाठी. आज मना नुसतं खेलायचं हाय. चल."

ते तिघं गेले आणि मी एकटी राहिले.

आता हे लिहायला जरा संकोच वाटतो, पण संपूर्ण सहलीत मला सगळ्यांत बरं वाटलं ते त्या सकाळी. कोणी माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हतं. कोणाला हसून दाखवायचं नव्हतं. खिडकीतून खोपोलीच्या घाटाची निळसर रांग दिसत होती. मधूनच दूरच्या पाळण्यातून शंभर माणसं एकदम किंचाळायची आणि गप्प व्हायची. मी आदल्या दिवशीचं आठवत पडले. टाच टेकली होती, मग चवडा. ते मी किती वर्षांनी अनुभवलं आणि पुन्हा कधी अनुभवेन, असे विचार आले, पण रडू आलं नाही. त्यासाठीही जोर लागतो. मग झोप लागली.

ती मंडळी आली तेव्हा खोलीभर क्लोरिनचा वास पसरला. सासूबाई फार नाराज होत्या. त्यांना लुगड्यावर पाण्यात जाऊ दिलं नव्हतं, भाड्याचे नायलॉनचे कपडे घ्या म्हणाले, म्हणून त्या काठावर पाय सोडून बसल्या होत्या. "लाटा मशीनच्या हायत," त्यांनी मला सांगितलं. "चाखून बघितलं. खाऱ्या नाय." सानवीचे डोळे लाल झाले होते, पाण्याने की कशाने ते कळलं नाही. ती ओल्या केसांनीच माझ्या शेजारी येऊन पडली. माझ्याशी बोलली नाही. पण उशी ओली झाली तरी ती तिथेच झोपली.

परत

दुपार कलल्यावर निघालो. संतोषने मला उचलून गाडीत बसवलं, पुढच्या सीटवर, एसीच्या झोताच्या समोर. चौक गेलं तेव्हा मी जागी होते. सुळका उन्हात लालसर झाला होता. त्यानंतरचं काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा गाडी थांबलेली होती, पण इंजिन चालू होतं आणि गार हवा येत होती. मी डोळे पूर्ण उघडले नाहीत. पापण्यांमधून आमच्या बिल्डिंगचं पार्किंग ओळखू आलं. संतोष स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. मागे सासूबाईंच्या बांगड्या मधूनच किणकिणत होत्या. कोणी बोलत नव्हतं. किती वेळ हे असे बसले होते कोण जाणे. बाहेर दिवे लागले होते.

कोणीतरी मागच्या काचेवर टकटक केली. काच खाली गेली.

"काय गं सानवी, गाडी बंद पडली का?" समोरच्या ब्लॉकमधल्या काकू होत्या. "केव्हाची बघतेय मी वरून."

"शू. हळू बोला ना काकू." सानवीचा आवाज अगदी दबका होता. "आई झोपलीये."

"अगं मग उठवा तिला. वर जाऊन झोपेल."

"नको. तिला एमएस आहे."

"काय आहे?"

"एमएस. आपला मेंदू पायाला निरोप पाठवतो ना, तो तिचा मधेच हरवतो. उकडलं की जास्त हरवतो. म्हणून एसी लावलाय."

"अगं बाई. मग बरी होईल ना?"

संतोषचे हात स्टिअरिंगवर आवळले गेलेले मला पापण्यांमधून दिसले.

"नाही," सानवी म्हणाली. "पण थंडीत चालते. मी बघितलंय. आमच्या घसरगुंडीवर सगळ्यात जोरात तीच ओरडत होती."

काकू काहीतरी पुटपुटल्या आणि त्यांच्या सपातांचा आवाज लांब गेला. काच वर सरकली. संतोषने एसी आणखी एक घर वाढवला. मी डोळे मिटूनच राहिले. मला अजून थोडा वेळ तिथे बसायचं होतं.